ओला, सुका आणि आमेन

आमच्या घरी सकाळची प्रार्थना सात वाजता असते. आमच्या गल्लीत महानगरपालिकेची कचरागाडीही सातलाच येते. वेळ बदलायला दोन्ही पक्ष तयार नाहीत. आमच्या हिचं म्हणणं असं, की प्रार्थनेची वेळ तिच्या सासूबाईंनी ठरवलेली आहे, गाडी काय, कालची आहे, तिनं सरकावं. गाडीवाल्याचं म्हणणं आम्ही विचारलेलं नाही. २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलेल्या इंदूर शहराचा तो माणूस, त्याच्या भोंग्यापुढे तसंही कुणाचं म्हणणं ऐकू जात नाही.

तर रोज सकाळी मी, ही, मुलगा, सून आणि दोन नातवंडं असे सहा जण डोळे मिटून बसतो. हिची प्रार्थना राष्ट्रपतींपासून सुरू होते. तिथून ती राज्यपाल, सैनिक, शेतकरी, डॉक्टर, नर्सा आणि नगरकडचे नातेवाईक अशी उतरत उतरत आमच्यापर्यंत येते. माझ्या गुडघ्यांचा नंबर लागेपर्यंत गाडीचं गाणं कोपऱ्यावर आलेलं असतं आणि धाकट्याचा एक डोळा उघडतो. एकच. दोन उघडले तर आजीला कळतं, असा त्याचा अनुभव आहे. एक उघडलेला कळायला आजीला स्वतःचा एक उघडावा लागतो, आणि मग ती कोणत्या तोंडानं रागावणार? हा शोध आठ वर्षांच्या पोरानं लावलेला आहे. 'आमेन' झालं की तो दोन्ही हातांत दोन डबे घेऊन असा सुटतो की इस्राएल लोक मिसर देशातून एवढ्या घाईनं निघाले नसतील.

मागे एकदा हिनं मुलांना शेवटच्या न्यायाचा धडा दिला. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात मेंढपाळ जशी मेंढरं आणि शेरडं वेगळी करतो तसा राजा लोकांना उजवीकडे आणि डावीकडे करतो, ते हिनं चांगलं आवाज लावून सांगितलं. मुलं गंभीर झाली. बराच वेळ विचार करून धाकटा म्हणाला, "म्हणजे ओला-सुका."

"काय?"

"ओला इकडे, सुका तिकडे. पण आजी, दोनच? आपल्या इथे तर सहा असतात."

थोरली अकरा वर्षांची. तिनं बोटांवर मोजत सहाही प्रकार सांगितले: ओला, सुका, प्लॅस्टिक, सॅनिटरी, घातक आणि ई-कचरा. मग स्वाभाविकच चर्चा निघाली, की आबा कशात जाणार. थोरलीनं माझ्या कानातल्या यंत्राकडे पाहिलं, मांडीवरच्या जुन्या ट्रान्झिस्टरकडे पाहिलं आणि निकाल दिला, "ई-कचरा."

धडा तिथेच आटोपला. रात्री ही मला म्हणाली, "अहो, पोरं ऐकतात तरी का हो?" मी म्हटलं, "ऐकून राहिलीत ना. तीच तर पंचाईत आहे."

नातवंडांना विश्वासात वाढवायची जबाबदारी आजीची, हा हुकूम हिला थेट पौलाकडून मिळालेला आहे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, सुरुवातीलाच, पौल त्याच्या विश्वासाचं कौतुक करतो आणि हा विश्वास आधी तुझ्या आजीत होता, मग आईत, असं नावांनिशी सांगतो. आजी लोईस, आई युनीके. अख्ख्या नव्या करारात 'आजी' हा शब्द येतो तो एवढ्या एकाच जागी, आणि हिच्या बायबलात त्या जागी गेली तीस वर्षं एक मोरपीस आहे. आजोबाचं मात्र नाव नाही. तीमथ्याचा बाप ग्रीक होता एवढं प्रेषितांच्या कृत्यांत सापडतं. पण आजोबा कुठे होते, प्रार्थनेच्या वेळी पोहे आणायला गेले होते का, याबद्दल पौल गप्प आहे. हे मी हिच्या नजरेला आणून दिलं तेव्हा ती म्हणाली, "त्याला माहीत असणार. म्हणूनच लिहिलं नाही."

त्यात इंदुरात आजीचं एक पक्कं ठाणंही आहे. रेसिडेन्सी भागातलं १८५८ सालचं व्हाइट चर्च. रिक्षावाल्याला सफेद चर्च म्हटलं की पुरतं, पण त्याचं खरं नाव सेंट ॲन्स. ही ॲन म्हणजे मरियेची आई, म्हणजे हिशोबानं येशूची आजी. बायबलात ती कुठेच नाही. दुसऱ्या शतकातल्या एका जुन्या ग्रंथातून तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, योवाकिमाचं, नाव चालत आलं. म्हणजे आजोबाला निदान तिथे तरी नाव मिळालं. चर्च मात्र आजीच्याच नावानं. एका रविवारी तिथून जाताना मी ही सगळी माहिती मुलांना दिली. धाकट्यानं विचारलं, "मग येशूकडून वचनं कोण पाठ करून घ्यायचं? ही आजी?" ही म्हणाली, "घेतच असणार. बाराव्या वर्षी तो मंदिरात शास्त्र्यांबरोबर बसला, ते काय उगाच?" थोरली म्हणाली, "पण तिथे तो त्यांना प्रश्न विचारत होता, आजी. तू तर प्रश्न विचारले की म्हणते, आधी पाठ करा."

रिक्षात कुणी काही बोललं नाही. रिक्षावाला तेवढा हसला.

आता आमची ही इंदूरला कशी आली ते सांगायला हवं, नाहीतर तिच्या मराठीचा हट्ट कळायचा नाही. आम्ही मूळचे नगरचे. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ मध्ये तिथे ठाण मांडलं, १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' काढला, शाळा काढल्या, आणि आमचे पणजोबा त्यांतल्याच एका शाळेत पाटी घेऊन बसले. पन्नासच्या दशकात वडील नोकरीसाठी इंदूरला आले. इथला मिशनचा कारभार अमेरिकन नव्हता, कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन लोकांचा होता. ते १८७७ मध्ये माळव्यात आले, त्यांनीच १८८७ मध्ये ख्रिश्चन कॉलेज काढलं. म्हणजे वडील अमेरिकेतून कॅनडात आले, तेही खांडव्यामार्गे, मीटरगेजनं. पुढे मी हीसुद्धा नगरहून आणली. आणि गंमत बघा, आम्ही नगर सोडून अहिल्याबाईंच्या इंदुरात आलो, तर आता नगरचंच नाव अहिल्यानगर झालंय. बाई जन्मल्या नगर जिल्ह्यातल्या चोंडीला, तेव्हा हिशोब बरोबरच आहे. पण हिला वाटतं की तिचं माहेर तिच्या मागे मागे सासरी आलं.

सून रतलामची. पक्की कॅनेडियन शाखा. ती घरात आली तेव्हा "जय मसीह की" म्हणाली आणि ही म्हणाली "सलाम". दोघीही आपापल्या जागी बरोबर होत्या. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्याला पन्नास वर्षं उलटून गेली. आमच्या स्वयंपाकघरात मात्र अजून वाटाघाटी चालू आहेत. पोह्यांवर शेव रतलामी असावी यावर एकमत झालेलं आहे. बाकीचे मुद्दे समितीकडे आहेत.

त्यातला मोठा मुद्दा भाषेचा. आमच्या चर्चमध्ये उपासना हिंदीत होते. मुलं शाळेत इंग्रजी बोलतात, गल्लीत इंदुरी. उरलं मराठी, ते हिनं देवाच्या वाट्याला ठेवलं. हिची ठाम समजूत आहे की देवाला सगळ्या भाषा येतात, पण मराठीत सांगितलेलं त्याला पटकन कळतं. म्हणून रविवारी दुपारी जेवणं झाली की घरात शब्बाथ शाळा भरते. पटावर दोन विद्यार्थी, एक शिक्षिका आणि शिपाई म्हणून मी.

ख्रिस्ती मराठी ही काही सोपी वस्तू नव्हे. 'क्रूस' म्हणायला सोपं. आमच्यात म्हणायचं 'वधस्तंभ'. धाकट्यानं पहिल्या खेपेला 'वधाचा खंबा' म्हटलं. हिनं डोक्याला हात लावला. त्याच्या डोळ्यांपुढे वीज मंडळाचा खांब आहे हे उघड दिसत होतं. 'पाळक' म्हणजे पास्टर, हे त्याला कळलं, पण त्यानं लगेच विचारलं की मग भाजीतला पालक कोण. झावळ्यांच्या रविवारी तो चर्चमध्ये सगळ्यांना सांगत होता की आज जावळाचा रविवार आहे. एक बाई घाबरून आपल्या बाळाचं डोकं पदरानं झाकून बसल्या.

वचनांचं पाठांतर हा अभ्यासक्रमाचा कणा. इथे मला माझा गुन्हा कबूल केला पाहिजे. मुलं पाठ करत नव्हती, ही कष्टी होत होती, म्हणून मी गुपचूप एका वचनाला एक खोपरा पॅटीस असा दर जाहीर केला. दुसऱ्या रविवारी मुलांनी धडाधड वचनं म्हटली. ही गहिवरली. देवाचा आत्मा मुलांत काम करू लागला, असं तिनं सुनेला सांगितलं. आत्मा छप्पन दुकानच्या खाऊगल्लीतून येत होता हे मला माहीत होतं, पण मी बोललो नाही.

भ्रष्टाचाराचं पुढे जे होतं तेच झालं. धाकट्याला योहानाच्या अकराव्या अध्यायातलं पस्तिसावं वचन सापडलं. येशूच्या डोळ्यांत पाणी आलं, एवढंच सांगणारं. मराठीत अवघे दोन शब्द. सलग तीन रविवार त्यानं तेच म्हणून पॅटीस वसूल केलं. मी बँकेत पस्तीस वर्षं कर्जखात्यात काढलेला माणूस. मी म्हटलं, दर शब्दांवर लावू. तर थोरली स्तोत्र एकशे एकोणीस उघडून बसली. वचनं एकशे शहात्तर! "आबा, एवढे पॅटीस एका दिवसात की हप्त्यानं?" माझ्या पेन्शनची आकडेमोड होण्याआधी मी दर मागे घेतला आणि स्तोत्र एकशे सतरा सुचवलं. त्यात वचनं दोनच आहेत. तेवढ्यात ही दारात. तिनं सगळं ऐकलेलं होतं. मला वाटलं, आता वल्हांडणाच्या रात्रीसारखं काहीतरी होणार. पण ती म्हणाली, "जीरावन तरी बरोबर आणत जा. नुसतं पॅटीस कसं खातील पोरं?" त्या रविवारपासून पाठांतराचा खर्च अधिकृत खात्यात गेला.

आमच्याकडे बायबलाशेजारी 'स्मृतिचित्रे' असतं. हिचा त्यावर नगरकर म्हणून हक्क आहे. नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाई टिळक किती तळमळल्या, सोवळं त्यांनी किती दिवस धरून ठेवलं, आणि पाच वर्षांनी, १९०० मध्ये, आपल्या पायांनी चालत त्याच वाटेवर कशा आल्या, हे ही नातवंडांना गोष्टीसारखं सांगते आणि ती हसतात तिथे हीही हसते. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या त्या बाईनं मराठीला कसलं पुस्तक देऊन ठेवलं! आमच्या घरची प्रत त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी सिद्ध केलेली. मूळ पुस्तकात जिथे जिथे आजीचा काळवेळ हलला किंवा माणूस ओळखू आला नाही, तिथे नातवानं खाली टिपा दिलेल्या आहेत.

हे मी एकदा थोरलीला दाखवायला नको होतं. "म्हणजे आजी जे बोलते त्याच्या खाली नातू बारीक अक्षरात खरं काय ते लिहितो?" मी म्हटलं, "तसं नव्हे गं..." पण तोवर उशीर झाला होता. आता ही काहीही सांगू लागली की थोरली बोट वर करते. "आजी, तळटीप." ही म्हणते, आमच्या वेळी आम्ही सगळे पहाटे चार वाजता उठून प्रार्थना करायचो. "तळटीप: आबा म्हणून राहिले होते की ते सहाला उठायचे." ही म्हणते, उपवासकाळात आम्ही चाळीस दिवस गोड खात नसू. "तळटीप: रंगपंचमी बहुतेक उपवासकाळातच येते आणि गेरची मिरवणूक बघायला गेलं की आजी जलेबी खाते." मी हसलो की तळटीप माझ्यावर वळते, म्हणून मी ट्रान्झिस्टरमध्ये तोंड घालून बसतो.

ख्रिश्चन कॉलेजची गोष्ट मी अशाच एका दुपारी सुरू केली. म्हटलं, बघा, आपल्या लोकांनी शिक्षणासाठी काय केलं. १८८७ साली, विल्की साहेबांनी... मुलांच्या चेहऱ्यावर पडदा पडला. मग मी सांगितलं की याच कॉलेजात खांडव्याचा किशोर कुमार शिकायला होता, आणि म्हणे कॅन्टीनवाल्याची पाच रुपये बारा आणे उधारी त्याच्या डोक्यावर राहिली, ती 'चलती का नाम गाडी'मध्ये १९५८ साली गाणं होऊन आली. पडदा उठला. धाकट्यानं विचारलं, "मग उधारी दिली का?"

"ते कुणी सांगत नाही."

"कॅन्टीनवाल्यानं सोडून दिली असेल?"

आता इथे भाषेनं घोळ घातला. प्रभूच्या प्रार्थनेत चर्चमध्ये, हिंदीत, अपराधांची क्षमा मागतात. घरी, मराठीत, तिथेच ऋण सोडून दे म्हणतात. धाकट्याला हा फरक त्याच क्षणी उमगला. "आजी! हिंदीत अपराध, मराठीत उधारी!" ही त्याला समजावू लागली, की ऋण म्हणजे पैशाचं नव्हे रे बाळा. पण तो कुठला ऐकतोय. मराठी प्रार्थना जास्त चांगली आहे, असं त्यानं जाहीर केलं, कारण तिच्यात उधारी माफ होते. आठ वर्षं हिनं मराठीसाठी जे केलं ते किशोर कुमारनं एका दुपारी केलं. मला मात्र रात्री झोप लागेना. पस्तीस वर्षं रोज सकाळी ऋण सोडून द्यायची प्रार्थना करून मी दहा वाजता बँकेत वसुलीच्या नोटिसा काढायला बसत होतो. कुणी तळटीप दिली नाही म्हणून बरं.

नाताळाला आमच्याकडे करंज्या, चकल्या, शंकरपाळे असा सगळा फराळ होतो. शेजारची मंडळी म्हणतात, तुमची दिवाळी उशिरा येते. त्यात डिसेंबर म्हणजे गराडूचे कंद तळायचा महिना, तेव्हा कॅरोल गाणारी मंडळी आमच्याकडे आली की गाणं एक आणि गराडूच्या बशा दोन. गेल्या नाताळाला चर्चच्या नाटकात धाकटा देवदूत होता. पंख सुनेनं केले, पाठांतर हिनं घेतलं, हिंदीत. आपली मराठी बाजूला ठेवून, मन मोठं करून. मेंढपाळ घाबरून जमिनीवर पडले. देवदूत स्टुलावर उभा राहिला, खाली पाहिलं आणि सगळं विसरला. मग त्याला मेंढपाळांमध्ये आपल्या वर्गातला मित्र दिसला असावा.

"टेंशन मत लो, भिया," देवदूत म्हणाला.

"हाँ भिया," मेंढपाळ म्हणाला आणि उठून बसला.

चर्चचं छप्पर उडायचं बाकी राहिलं. हिनं पदरात तोंड लपवलं होतं. हसत होती की रडत, ते मला मागच्या बाकावरून दिसेना. घरी आल्यावर मुलगा त्याला ओरडणार तेवढ्यात हीच म्हणाली, "असू दे. अर्थ बरोबर होता."

गेल्या महिन्यात ही भाचीच्या लग्नाला आठ दिवस नगरला गेली. मुलगा-सून दोघं कामाच्या गडबडीत लवकर निघायचे. पहिल्या सकाळी मी पोहे आणले, वर शेव घातली, जीरावन भुरभुरलं, आणि खरं सांगतो, मनात म्हटलं की आठ दिवस जरा सुट्टी. देवालाही मिळेल. मी घास उचलला. समोर पाहतो तर दोघं हात जोडून बसलेली.

"आबा, सात वाजले."

घास परत बशीत ठेवला. मला राष्ट्रपतींपासून सुरू करणं जमेना. मी सरळ प्रभूच्या प्रार्थनेवर आलो. अर्ध्यात असताना गाडीचं गाणं कोपऱ्यावर आलं. मी एक डोळा उघडून धाकट्याकडे पाहिलं. त्याचे दोन्ही मिटलेले होते. गाडी दाराशी आली, थांबली, भोंगा वाजला आणि गाडी पुढे गेली, तरी पोरगं हललं नाही. मी गडबडलो, पुढचं काहीतरी बोललो आणि आमेन म्हणून मोकळा झालो.

"आणि किशोर कुमारचे पाच रुपये बारा आणे," धाकटा घाईघाईनं म्हणाला. "आमेन."

कचरा त्या दिवशी घरातच राहिला. पोहे गार झाले होते. तेवढ्यात हिचा फोन आला. थोरलीनं उचलला.

"हो आजी, झाली. ... हो, सातलाच. ... हो, मराठीत." मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तळटीप: आबांनी मधली एक ओळ गाळली."